डेडलिफ्ट चालते, पण हळू

ही मार्गदर्शिका ज्यांना ताकद हवी आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांना बारीक व्हायचं आहे, लग्नाच्या फोटोत दंड दिसायला हवे आहेत किंवा डॉक्टरांनी 'जरा हालचाल ठेवा' म्हणून बजावलं आहे, त्यांनी कोथरूडपासून खराडीपर्यंत कुठल्याही जिमचं दार ढकलावं. एसी चांगला असेल, गाणी मोठ्याने लागलेली असतील, काम होऊन जाईल. इथे विचार चाललाय तो वेगळ्या माणसाचा. त्याला खांद्यावर रॉड घेऊन खाली बसायचं आणि उठायचं आहे, जमिनीवर पडलेलं वजन उचलून ताठ उभं राहायचं आहे, बाकावर उताणं पडून ते छातीवरून वर ढकलायचं आहे, आणि पुढच्या खेपेला हेच सगळं अडीच किलो जास्त लावून करायचं आहे. बस्स. 'एवढ्यासाठी जिम कशाला?' असं घरचे विचारतील. प्रश्न रास्त आहे, कारण पुण्यातल्या बहुतेक जिममध्ये एवढं सोडून बाकी सगळं करता येतं.

लागणारं सामान थोडं आहे. एक ऑलिंपिक रॉड, एक रॅक, एक बाक, प्लेट्स आणि जमीन. यातली जमीन सगळ्यांत दुर्मीळ. शहरातली जिम जमिनीवर क्वचितच असते, ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर असते, आणि तिच्या खाली बँक, दाताचा दवाखाना किंवा बारावीचे क्लास असतात. उचलणं तुमच्या मजल्यावर होतं, ठेवणं खालच्या मजल्यावर. या प्रकरणातल्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

पाठ पहिला : शोध

फोनवर 'जवळची जिम' असं शोधलं की भरपूर नावं येतात. नावांवर जाऊ नका. नावात लोखंड, वाघ किंवा ग्रीक देव असला म्हणून आत रॅक असेलच असं नाही. फोटो पाहा, पण यंत्रांकडे न बघता फरशीकडे बघा. फरशी गुळगुळीत, पांढरी आणि त्यात दिव्यांचं प्रतिबिंब पडत असेल तर तिथे आजवर कुणी काही जड ठेवलेलं नाही. जाड काळं रबर, त्यावर पांढरट डाग, एखाद्या कोपऱ्यात प्लायवूडचा चौथरा असं काही दिसलं तर लगेच पत्ता उतरवून घ्या.

जिमची मांडणी समजली की शोध सोपा होतो. रस्त्याकडच्या काचेला ट्रेडमिलची रांग असते, कारण सिग्नलला थांबलेल्या माणसाला कुणीतरी धावताना दिसलं पाहिजे. ती जाहिरात असते. तिच्या मागे गादीची यंत्रं, त्यांच्या मागे आरसा आणि डंबेल्स. सगळ्यांत शेवटी, स्वच्छतागृह आणि अडगळीची खोली यांच्या मधल्या बोळात, जिथली ट्यूब लुकलुकते, तिथे असलाच तर रॅक असतो. म्हणून आत शिरलात की उजेडाकडे पाठ करून चालत राहा.

मालकावर रागावू नका. जिमचा धंदा न येणाऱ्यांवर चालतो. एक जानेवारीला वर्षाचे पैसे भरून फेब्रुवारीत दिसेनासा होणारा मेंबर हा त्याचा अन्नदाता असतो. तो जागा अडवत नाही, रॉड वाकवत नाही, एसी वाढवा म्हणत नाही. तुम्ही मात्र नेमाने येणार, पाऊण तास एकाच रॅकमध्ये ठाण मांडणार आणि दोन सेटच्या मध्ये चार मिनिटं नुसते बसून राहणार. मालकाच्या हिशोबात तुम्ही गिऱ्हाईक नाही, जुन्या वाड्यातले भाडेकरू आहात.

जुन्या वळणाची मंडळी सांगतील, 'जिमबिम सोडा, तालमीत जा.' पुण्याच्या पेठांतून तालीम शोधायला निघालं की बहुधा गणपती सापडतो. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचाच. नावातली तालीम आता ढोलपथकाच्या सरावापुरती उरलेली मंडळं शहरात पुष्कळ आहेत. ज्या थोड्या तालमींत अजून कुस्ती चालते तिथे वस्ताद तुम्हाला पहाटे, दूधवाला यायच्या आधी बोलावतील आणि हातात फावडं देऊन लाल माती उकरायला लावतील. तोच पहिला व्यायाम. त्यानंतर जोर, बैठका, मुद्गल. याने ताकद येते यात तिळमात्र शंका नाही, खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं ते अशाच मातीतून. पण दहा वाजता हिंजवडीत मीटिंग असलेल्या माणसाने कानात माती घेऊन कॅमेरा चालू करणं बरं दिसत नाही.

मधला मार्ग म्हणजे जुन्या संस्था. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली काढलेलं महाराष्ट्रीय मंडळ आहे, दादरला १९२५ चं समर्थ व्यायाम मंदिर आहे, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचं. त्या पिढीने गावोगाव व्यायामशाळा उघडल्या आणि त्यातल्या कित्येक अजून तग धरून आहेत. ओळखायची खूण : दारात चपलांचा ढीग, समोर मारुतीची तसबीर, पावतीपुस्तक, आणि विश्वस्तांपेक्षा वयाने मोठी डंबेल्स. एसी नाही. आरसा असलाच तर कुणाच्या तरी स्मरणार्थ. फी ऐकून तुम्हाला वाटेल, एक शून्य राहून गेलं. अशा ठिकाणी लोखंड जुनं असतं पण अस्सल असतं, आणि डेडलिफ्टला कुणी हरकत घेत नाही, कारण इमारत संस्थेची असते आणि खाली धरणीमाता असते.

बागेतल्या ओपन जिमकडे वळायचा मोह होईल. तिथे जे काही हलतं ते तुमच्याच वजनाने हलतं आणि त्यात भर घालायची सोय नाही. तिथली सर्वांत जड वस्तू म्हणजे नगरसेवकांच्या नावाचा फलक, आणि तो सिमेंटमध्ये पक्का बसवलेला असतो.

आणि एक शेवटचा मार्ग आहे, ज्याचा पुण्या-मुंबईच्या वाचकाला उपयोग नाही, पण तो सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही. नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णाकाठी कुरुंदवाड आहे. वाडीला दत्तदर्शनाला गेलेल्यांनी त्याची पाटी पाहिली असेल. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी वेटलिफ्टिंगची तीन कांस्यपदकं जिंकली, आणि तिघेही या एका गावचे. मोठ्या शहरांतल्या जिममध्ये मिळून जेवढे ट्रेडमिल आहेत त्यांची रांग लावली तर ती थेट कुरुंदवाडपर्यंत जाईल असं आपलं आम्हाला वाटतं. पदकं आणायला ट्रेडमिल लागत नाही, ही गोष्ट मालकांना कुणी कळवलेली दिसत नाही.

पाठ दुसरा : पाहणी

पाहणीला जाताना मोजपट्टी आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा बरोबर ठेवा. लोक बघतील. बघू द्या. वांगं घेताना आपण ते चार बाजूंनी दाबून बघतो, आणि वर्षभराचे हजारो रुपये मोजताना मात्र 'सगळं इम्पोर्टेड आहे सर' एवढ्यावर मान हलवतो.

सुरुवात रॉडपासून करा. पुरुषांचा ऑलिंपिक रॉड २० किलोचा, २.२ मीटर लांब. प्लेट बसते ती टोकाची नळी ५० मिलिमीटर जाड, पकडायचा भाग २८ ते २९. ही टोकं मधल्या दांड्यापासून स्वतंत्र फिरली पाहिजेत, म्हणजे वजन झटक्यात वर घेताना प्लेटचा पीळ मनगटावर येत नाही. बोटाने टोक फिरवून बघा. गर्रकन फिरलं तर मालकाला नमस्कार करा. कुरकुरत फिरलं तर तेल द्यायला सांगा. फिरलंच नाही तर तो रॉड नसून पाइप आहे. मग रॉड फरशीवर लोळवा. लोळताना पोटात डुलला की समजावं, कुणीतरी तो बाकावर आपटून वाकवलेला आहे. शेवटी काट्याला टांगा. 'वीस किलो' म्हणून सांगितलेला रॉड सोळाचा निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. तुम्ही घरी शंभर उचलल्याचं सांगाल, तेव्हा त्यातले चार किलो कुणाचे, हे निदान तुम्हाला तरी ठाऊक हवं.

बायकांचा रॉड वेगळा असतो. १५ किलो, २.०१ मीटर, पकड २५ मिलिमीटरची, कारण हाताचा पंजा लहान. हा रॉड आहे का असं विचारलंत तर तुम्हाला गुलाबी डंबेल्सच्या कोपऱ्यात नेऊन उभं करतील आणि 'मॅडम, जास्त वजन घेतलं तर बॉडी होते' अशी धोक्याची सूचना देतील. जणू रस्त्यावरून चालता चालता चुकून बॉडी झालेल्या बायकांची संख्या चिंताजनक झाली आहे. कर्णम मल्लेश्वरी यांनी २००० साली सिडनीत पदक आणलं त्याला पाव शतक होऊन गेलं. टोकियोत मीराबाई चानू यांनी ४९ किलोच्या गटात ११५ किलो डोक्यावर धरले. गुलाबी डंबेल्स मात्र अजून दोन, तीन आणि चार किलोचेच मिळतात.

आता प्लेट्स. स्पर्धेच्या प्लेटचा रंग ठरलेला असतो : लाल २५, निळी २०, पिवळी १५, हिरवी १०. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत प्लेटच्या वजनात पाव टक्क्याच्या आतबाहेर फरक चालतो, त्यापलीकडे नाही. आपल्याकडे मेरठ-जालंधरहून येणाऱ्या साध्या बिडाच्या प्लेटवर '२०' असं ठसठशीत ओतलेलं असतं आणि आत साडेअठरा ते साडेएकवीस यांपैकी नशिबात असेल ते. तेव्हा डाव्या बाजूला रॉड सारखा झुकत असेल तर फिजिओकडे धावण्याआधी दोन्ही बाजूंच्या प्लेट्स बदलून बघा. आकारही महत्त्वाचा. मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणून जमिनीवर ठेवलेला रॉड २२५ मिलिमीटर उंचीवर येतो, साधारण नडगीच्या मध्यावर. जुन्या बिडाच्या प्लेट लहान असल्या की रॉड घोट्याशी जातो आणि तुम्ही डेडलिफ्टऐवजी साष्टांग नमस्कार घालू लागता. उपाय सोपा : खाली दोन प्लेट आडव्या टाका आणि त्यांवर रॉड ठेवा.

सव्वा किलोच्या प्लेट आहेत का हे मुद्दाम विचारा. आठवड्या-आठवड्याने वाढायचं तर याच चिटुकल्या लागतात, आणि बहुतेक जिममध्ये त्या हरवलेल्या असतात. मालक म्हणेल, 'एवढ्याशाने काय फरक पडतो?' त्याला सांगलीच्या संकेत सरगरचं नाव सांगा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात या पानटपरीवाल्याच्या मुलाने एकूण २४८ किलो उचलले, शेवटच्या दोन प्रयत्नांत कोपर दुखावलं, आणि मलेशियाचा स्पर्धक २४९ वर सोनं घेऊन गेला. एक किलो.

रॅक कुठे आहे विचारलं की मालक मोठ्या अभिमानाने स्मिथ मशीनकडे बोट दाखवतो. यात रॉड दोन रुळांत अडकवलेला असतो, तो पुढेमागे जाऊच शकत नाही. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जॅक ललेन यांच्या कल्पनेवरून रूडी स्मिथ यांनी हे यंत्र आकाराला आणलं. वाईट यंत्र नाही. पण तोल सांभाळायचं काम ते स्वतःच करतं, आणि तुम्ही आलेला असता तो तोल शिकायला. खरा रॅक म्हणजे चार खांब, दोन हुक आणि दोन आडव्या सळया. सळया सगळ्यांत मोलाच्या. बसल्यावर उठता आलं नाही तर वजन त्यांच्यावर ठेवून माणूस खालून सरपटत बाहेर येतो. तुम्ही बसता त्या पातळीच्या किंचित खाली त्या लावता येतात का, बघून घ्या. बाकाची उंचीही मोजा. स्पर्धेचा बाक ४२ ते ४५ सेंटिमीटर उंच असतो. जिमचे बाक कित्येकदा एवढे उंच असतात की सर्वसाधारण मराठी उंचीच्या माणसाचे पाय अधांतरी लोंबतात.

हे सगळं झालं की मालकाच्या डोळ्यांत बघून विचारा, 'डेडलिफ्ट चालते का?'

उत्तरांचे अर्थ नीट समजून घ्या. 'चालते ना, पण हळू' म्हणजे खाली दाताचा दवाखाना आहे. 'ट्रेनरसमोर चालते' म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचे वेगळे पैसे पडतील. 'आमच्याकडे त्याचं मशीन आहे' म्हणजे चालत नाही. 'कशाला उगाच पाठ घालवता?' म्हणजे मालकाने स्वतः एकदा करून बघितली होती. आणि 'किती मारता तुम्ही?' असा उलट प्रश्न आला तर खिशातलं पाकीट काढा, तुमची जागा सापडली आहे.

त्या 'हळू'ला कारण आहे, हेही लक्षात घ्या. दीडशे किलोचा रॉड कितीही अलगद टेकवला तरी दणका स्लॅबमधून भिंतींत आणि भिंतींतून खालच्या गाळ्यात जातो. पातळ रबरी चटई आवाज थोडा मऊ करते, हादरा तसाच राहतो. प्लायवूडचे दोन थर आणि त्यावर जाड रबर असा चौथरा घातला तर दोन्ही बऱ्यापैकी आवाक्यात येतात. खर्च एका ट्रेडमिलपेक्षा कितीतरी कमी. हे मालकाला जरूर सांगा. तो म्हणेल, 'करतोय, पुढच्या महिन्यात.'

पाठ तिसरा : पैसे

'ही ऑफर फक्त आजच आहे सर.' गुढीपाडव्याची ऑफर दसऱ्याला असते आणि दसऱ्याची ३१ डिसेंबरला. एक महिन्याचेच पैसे भरा, महाग पडले तरी. आजीवन सभासदत्व कधीही घेऊ नका. त्यात आयुष्य कुणाचं मोजायचं, तुमचं की जिमचं, हे पावतीवर लिहिलेलं नसतं, आणि आजवरचा अनुभव असा की आधी जिम जाते. चाचणीसाठी दुपारी तीनला बोलावतील, तुम्ही सोमवारी संध्याकाळी सातला जा.

पाठ चौथा : वावर

सोमवारी संध्याकाळी शहरातला प्रत्येक पुरुष छातीचा व्यायाम करतो. बाकांसमोर रांगा लागतात, रॅक ओस पडतो. तेव्हा तुमचा स्क्वॉटचा वार सोमवार. अपवाद एकच : रॅकमध्ये उभा राहून रिकाम्या रॉडने दंड फुगवणारा तरुण. त्याला हटकायची रीत ठरलेली आहे. 'दादा, किती सेट राहिले?' म्हणायचं. वयाने तो धाकटा असला तरी दादाच. तो म्हणेल 'दोन'. त्याचे दोन म्हणजे दोन सेट, एक फोन आणि आरशातले काही फोटो. वाट बघताना टक लावून पाहू नका, शेजारी उभं राहून रॉडकडे अशा चेहऱ्याने बघा की तो तुमच्या वडिलांचा होता.

ट्रेनर सर येऊन सांगतील, 'एवढं खाली जाऊ नका, गुडघे जातील.' पॉवरलिफ्टिंगच्या नियमाप्रमाणे मांडी आणि कंबर जुळते तो सांधा गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला तरच स्क्वॉट धरतात. ज्या देशात आजी ऐंशीव्या वर्षी उकिडवं बसून पालेभाजी निवडते, त्या देशात पूर्ण खाली बसणं धोक्याचं ठरवायला धाडस लागतं. पण सरांशी वाद घालू नका. पगार बेताचा असतो, वरची कमाई पर्सनल ट्रेनिंगवर अवलंबून असते, आणि दिवसभर 'पोट कधी जाणार?' या प्रश्नाला हसतमुखाने उत्तर देणं हे दीडशे किलोच्या डेडलिफ्टपेक्षा अवघड काम आहे. 'हो सर' म्हणा आणि ते वळले की खाली बसा.

बेंचवर कुणीतरी न विचारता सपोर्ट द्यायला येईल. दोन्ही हातांनी रॉड धरून, गुडघ्यात वाकून, कपाळावरच्या शिरा फुगवून तो अर्धं वजन स्वतः उचलेल आणि शेवटी म्हणेल, 'मी नुसतं बोट लावलं, सगळं तुझंच होतं.' हे प्रेम आहे. वहीत मात्र निम्मंच लिहा. खरा सपोर्ट हवा असेल तर आधी सांगून ठेवायचं : मी 'घे' म्हणेपर्यंत हात लावायचा नाही.

पकड घसरू नये म्हणून हाताला लावायची पांढरी पूड, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, मालकाच्या नजरेस पडू देऊ नका. काळ्या रबरावर ती उठून दिसते आणि झाडूवाल्या मावशींचा तिच्याशी संबंध येतो. द्रवरूपात मिळते ती वापरावी, हातावर वाळते, सांडत नाही. शहरात कातळ चढणारी पोरं पुष्कळ आहेत, कुठे मिळते ते त्यांना विचारा. मावशींना दिवाळीला काहीतरी द्या, वेगळं.

आणि सकाळी सहाला येणाऱ्या काकांशी ओळख वाढवा. प्रत्येक जिममध्ये एक असतात. हाफ पॅंट, बनियन, मनगटाला काळा दोरा. ते कुणाशी बोलत नाहीत, कानात काही घालत नाहीत, तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा व्यायामशाळेत शिकलेल्या चार गोष्टी त्याच क्रमाने करतात आणि सात वाजता निघून जातात. ज्या वजनाने ते सहज खेळतात ते तुम्ही मनात योजून ठेवलेलं असतं, पुढच्या वर्षासाठी. महिनाभर रोज नमस्कार केलात, उतरवलेल्या प्लेट जागेवर ठेवल्यात, रॉड भरलेला सोडून गेला नाहीत, तर एक दिवस ते तुम्हाला हाक मारतील आणि लॉकरमधून सव्वा किलोच्या प्लेट काढून देतील. त्या हरवलेल्या नव्हत्या.

पाठ पाचवा : वाढ

तत्त्व जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांवर टॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरने उपचार केले ते वजन हळूहळू वाढवत नेऊन, आणि १९४५ साली ते लिहून प्रसिद्ध केलं. नवशिक्याने आठवड्यातून तीन दिवस, पाच-पाचचे तीन सेट, प्रत्येक वेळी अडीच किलो वाढ, एवढं धरलं तरी पुरतं. रिकाम्या २० किलोच्या रॉडने सुरुवात केली तर बावन्न आठवड्यांत १५६ वेळा वाढ होते, म्हणजे वर्षाअखेरीस ४१० किलो. दुसऱ्या वर्षाअखेरीस ८००, त्यात मारुतीची छोटी मोटार बसते. त्याच गतीने गेलं तर मारुतीने उचललेला द्रोणागिरीही दृष्टिपथात येतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुठेतरी हा हिशोब बंद पडतो. एके दिवशी तुम्ही खाली बसता आणि उठत नाही. तेव्हा घाबरून सप्लिमेंटच्या दुकानात जाऊ नका, तिथला मुलगा तुम्हाला डबा विकेल आणि त्यावर शेकर फुकट देईल. वजन दहा टक्के उतरवा, पुन्हा चढवत या. झोपा. डाळ-भातावर अंडी, दूध, पनीर, सोया, जे घरात चालत असेल ते वाढवा. तेवढ्याने गाडी बरीच पुढे जाते. वाढ मंदावणं हा आजार नाही, तुम्ही नवशिके राहिला नाहीत याची ती पहिली खूण. इथून पुढे या मार्गदर्शिकेची हद्द संपते, काकांची सुरू होते.

परिशिष्ट : जिम बंद पडल्यास

पडेलच. दारावर 'नूतनीकरणासाठी काही दिवस बंद' असा कागद दिसला की शोक करत बसू नका, मालकाला फोन करा. लोखंड सडत नाही, आणि त्याला गाळा रिकामा करून द्यायची घाई असते. आधी रॉड मागा, मग रॅक, मग प्लेट्स, भाव किलोवर ठरवा आणि काटा तुमचा वापरा. ठेवायला तळमजल्यावरची जागा लागेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवायचं तर सर्वसाधारण सभेत विषय मांडण्याआधी चेअरमनच्या घरचा भरलेला सिलिंडर दोन-चार वेळा उचलून द्या. तो भरून तीसेक किलोचा असतो, तुम्हाला जड नाही, आणि ठरावाला अनुमोदन मिळतं.

ट्रेडमिल फुकट देऊ केली तरी घेऊ नका. ती तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला चार माणसं लागतात. ज्यांनी ती घेतली आहे ते उरलेले तीन शोधतच असतील, आणि बिल्डिंगमध्ये जड उचलणारा म्हणून आता तुमचंच नाव झालेलं आहे.